विहिरीच्या खोदकामात दगडी फळ सापडलंय, नवीन जातीला नाव कसं देतात?

दिंडोरीचा_मास्तर

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा वेगळा आहे पण इथे दगडधोंड्यांतले जाणकार बरेच दिसतात म्हणून टाकतोय. मी दिंडोरी तालुक्यात झेडपीच्या शाळेवर आहे, सातवीला विज्ञान शिकवतो. वर्गातल्या एका पोराच्या वस्तीवर विहीर खोल करायचं काम चाललंय, ३५ फुटांच्या खाली सुरुंग लावून जो माल वर काढला त्यात त्याला एक गोटा मिळाला. साईज अगदी सुपारीएवढी, एका बाजूला निमुळता, वरून हिरवट साल असल्यासारखी आणि एका टोकाला देठ तुटल्यावर राहतो तसा खड्डा. पोरगं रुमालात बांधून घेऊन आलं, म्हणतं सर हे दगड झालेलं फळ आहे. मलाही ते फळच वाटलं, खोटं कशाला बोलू.

आता वर्गाने त्याचं बारसंसुद्धा करून टाकलंय. कुणीतरी मोबाईलवर बघून आलं की गावाच्या नावाला मागे एन्सिस लावलं की झालं लॅटिन नाव, त्यामुळे वस्तीच्या नावाला एन्सिस लागलेलं आहे आणि फळ्यावर खडूने लिहिलेलंही आहे, पुसू देत नाहीत. तर मला विचारायचंय की हे खरंच जीवाश्म आहे का ते घरच्या घरी कसं ओळखायचं, आणि समजा असलं तर नाव द्यायचा अधिकार कुणाला असतो, अर्ज कुठे करायचा, फी असते का वगैरे. हसू नका, पोरं रोज विचारतायत.

गोदाकाठ_८८

सर सुपारीच असेल, कुणीतरी विहिरीवर बसून खाताना पडली असेल. पंचवटीत आणून द्या, अडकित्त्याने फोडून देतो 😄

काळा_पाषाण

मास्तर, पोरांचा हिरमोड होईल पण वर्णन वाचून मला तरी हे फळ वाटत नाही. मी भूजलाच्या कामात आहे, बोअर आणि विहिरींची पाहणी करत अख्खा जिल्हा फिरलोय, अशी "फळं" मला पेठपासून येवल्यापर्यंत लोकांनी आणून दाखवलीत. एकाने तर आंबा म्हणून देवघरात ठेवला होता.

काय होतं, लाव्हा वाहत असताना त्यात वायूचे बुडबुडे असतात. लाव्हा थंड झाला की ते बुडबुडे पोकळ्या म्हणून राहतात, आणि लाव्हा पुढे सरकत असल्याने त्या ओढल्या जातात, म्हणून एका बाजूला निमुळत्या. मग कितीतरी काळ त्यातून खनिजं विरघळलेलं पाणी झिरपतं आणि पोकळी आतून भरत जाते, गारगोटी, कॅल्साइट, झिओलाइट, जे असेल ते. सगळ्यात बाहेरचं हिरवट अस्तर बहुतेक सेलाडोनाइट नावाचं खनिज, तुमची "साल" ती हीच. पुढे आजूबाजूचा खडक कुजून त्याचा मुरूम झाला की हे कडक गोटे सुटे होतात. विहीरवाले ह्या खडकाला मांजऱ्या म्हणतात, तुमच्या विहिरीवरच्या मुकादमाला विचारा, तो डोळे झाकून सांगेल. भूशास्त्रात ह्या गोट्याला अमिग्डेल म्हणतात आणि तो शब्दच मुळात बदामावरून आलाय, ग्रीकमधून. म्हणजे ज्यांनी नाव पाडलं त्यांनाही हे बघून खायचीच वस्तू आठवली, तुमच्या सातवीला काय बोलणार.

घरी बघायचं असेल तर दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, शंभर दीडशे रुपयांत मिळतं. तुटलेल्या कडेवर स्फटिक बाहेरून आत, मध्याकडे टोकं करून वाढलेले दिसले किंवा कांद्यासारखे पट्टे दिसले तर ती भरलेली पोकळी. लिंबू पिळा, फसफसलं तर कॅल्साइट. फळ असेल तर आत कप्पे दिसायला हवेत, कप्प्यात बी, आणि सालीचे थर एकमेकांपासून वेगळे. नुसता बाहेरचा आकार हा पुरावाच नाही. आकारावर जायचं तर माझ्याकडे बटाटा, वांगं आणि गणपती पण आहे.

दिंडोरीचा_मास्तर

धन्यवाद साहेब, मुकादमाला विचारलं, तो पण मांजऱ्याच म्हणाला आणि वर "गुरुजी तुम्ही पण" असं म्हणाला. लिंबू पिळलं, फसफसलं नाही. अजून फोडलेलं नाही कारण पोरगं फोडू देत नाही.

पण मग नाशिकला असं काही सापडणारच नाही का? आणि नावाचं राहिलंच. पोरांचं म्हणणं, हे नाही तर दुसरं सापडेल, पद्धत तरी कळू द्या.

निवृत्त_बॉटनीवाला

मास्तर, तुमच्या पोरांचं मला कौतुक वाटतं म्हणून जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या. मी विदर्भात कॉलेजवर बॉटनी शिकवली, आता मुलाकडे इंदिरानगरला असतो, सुट्ट्यांत विद्यार्थी घेऊन दगड गोळा करायला जायचो आम्ही.

आधी नाशिकचं. दख्खनचा लाव्हा एकदम आला नाही, थर येऊन गेला, मध्ये खंड पडला, परत थर. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची गोष्ट, डायनासोर संपले त्याच्या आगेमागे. ज्या खंडात तळी साचली, झाडं उगवली, फळं पाने पाण्यात पडली, त्या गाळाला आम्ही इंटरट्रॅपियन थर म्हणतो. त्या पाण्यात सिलिका भरपूर, ती फळाच्या पेशीपेशीत शिरून बसली आणि सगळ्याचा चर्ट झाला, म्हणजे गारेसारखा कडक दगड. हे प्रकार नागपूर, छिंदवाडा पट्ट्यात खूप. आपल्याकडे सह्याद्रीच्या बाजूला लाव्ह्याचे थर जाड आणि मधल्या खंडाची खूण म्हणजे बहुतेक ठिकाणी नुसता लाल गेरूचा पट्टा, घाटात रस्ता कापलेला असतो तिथे दिसतो बघा. नाहीच असं नाही, मुंबईत वरळीला असल्याच थरात बेडकाचे जीवाश्म मिळालेत, पण विहिरीच्या मांजऱ्यात फळ शोधणं म्हणजे तव्यावर कणीस उगवायची वाट बघणं. लाव्हा आहे तो, हजार डिग्रीच्या वर असतो, फळ त्यात राहील कसं.

आता नाव. पोरांना सांगा, अर्ज नसतो, फी नसते आणि ऑफिसही नसतं. नाव छापून यावं लागतं, शास्त्रीय नियतकालिकात, आणि ते वैध धरायचं की नाही ह्याचे नियम आहेत, वनस्पतींच्या नावांची एक आंतरराष्ट्रीय संहिता आहे, दर काही वर्षांनी जगभरचे लोक जमून ती दुरुस्त करतात. जीवाश्म वनस्पतींच्या नावांची मोजदाद ३१ डिसेंबर १८२० पासून, त्याआधी कुणी काही म्हटलं असेल तर ते धरत नाहीत. १९१२ पासून चित्र किंवा फोटो सक्तीचा. आणि एक गंमत, मला ही फार आवडते, जीवाश्माचं वर्णन लॅटिन किंवा इंग्रजीतच हवं ही अट १९९६ पासूनची. १९१२ ते १९९५ कुठलीही भाषा चालायची. म्हणजे १९९५ साली कुणी नागपुरातून मराठीत वर्णन छापलं असतं तर ते नाव वैध ठरलं असतं, आम्ही कुणीच केलं नाही, आम्हाला सुचलंच नाही. आता हळहळतो.

आणि नाव हे सगळ्यात शेवटचं काम. एन्सिस काय, पाच मिनिटांत लागतं. आपल्या अंजनेरीवर ती कंदीलपुष्पाची जात आहे ना, सेरोपेजिया अंजनेरिका, त्यात नाव शोधायला कितीसा वेळ लागला असेल? पण तिच्या भावंडांपासून ती वेगळी कशी हे दाखवणं हे खरं काम.

फळाचं उदाहरण देतो. छिंदवाड्याजवळ मोहगाव कलानला एक फळ खूप मिळतं, जीवाश्म वनस्पतींचे अभ्यासक बिरबल साहनींनी १९४३ मध्ये त्याचं वर्णन केलं, नाव एनिग्मोकार्पॉन परिजाई. कार्पॉन म्हणजे फळ आणि एनिग्मा म्हणजे कोडं. आवडतं मला हे, एवढा मोठा माणूस, ज्यांच्या नावाने लखनौला अख्खी संस्था आहे, तो नावातच कबूल करतो की बाबा हे कोडं आहे. नुसतं कबूल करून थांबले नाहीत, आडवे उभे छेद घेऊन कप्पे, बिया, सालीचे थर सगळं मांडलं आणि हे लिथ्रेसी कुळाकडे जातं असं दाखवलं. लिथ्रेसी म्हणजे मेंदी, ताम्हण, आणि हल्ली डाळिंबही त्याच कुळात धरतात. सटाणा मालेगावच्या पोरांना सांगा, तुमच्या डाळिंबाचा लांबचा पणजोबा छिंदवाड्यात दगड होऊन पडलाय. पणजोबा म्हणजे थेट नाही हं, भाऊबंदकीतला.

आणि तिथेच मिळालेल्या फुलाला वेगळं नाव, साहनिअँथस. पुढे लक्षात आलं की फूल आणि फळ एकाच झाडाचं. जीवाश्मात हे असंच चालतं कारण झाड अख्खं कधी मिळत नाही, पान एकीकडे, लाकूड दुसरीकडे, फळ तिसरीकडे, म्हणून प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र नाव द्यायची मुभा आहे. एकाच माणसाचं रेशनकार्डावर एक नाव आणि आधारवर दुसरं, तसं.

पिंपळगावची_बाग

सर लय भारी माहिती. डाळिंबाचं झालं, द्राक्षाचं पण काही आहे का? आमच्या जिल्ह्याचा अपमान होतोय 😀

निवृत्त_बॉटनीवाला

आहे ना! मीच सांगणार होतो, जेवायला हाक आली. २०१३ मध्ये अमेरिकेतले मँचेस्टर, भंडाऱ्याचे कापगते आणि वेन अशा तिघांनी मिळून पेपर लिहिला, दख्खनच्या चर्टमधली द्राक्षकुळाची फळं आणि बिया. प्रसिद्ध झालं तेव्हा द्राक्षकुळाची जगात मिळालेली सगळ्यात जुनी फळं ती. नाव इंडोव्हिटिस चितळेयाई. इंडो म्हणजे भारत, व्हिटिस म्हणजे द्राक्षाचा वंश, आणि चितळेयाई हे डॉ. श्यामला चितळे ह्यांच्यावरून. नागपूरला शिकवायच्या, दख्खनच्या जीवाश्मांवर आयुष्यभर काम, नंतर क्लीव्हलँडच्या म्युझियममध्ये गेल्या. बाईंच्या नावावरून ठेवलं म्हणून शेवटी आई, पुरुषाचं असतं तर नुसता ई लागला असता. हे पोरांना व्याकरणाच्या तासाला सांगता येईल.

मग २०२४ मध्ये दक्षिण अमेरिकेतली आली, कोलंबियातलं एक द्राक्षबी ६ कोटी वर्षांचं, नाव लिथौव्हा सुसमानी, त्यातला लिथ म्हणजे दगड आणि उव्हा म्हणजे द्राक्ष, बाकीचं एका देणगीदाराच्या नावावरून.

पण ओळखलं कसं ते बघा, मजा त्यात आहे. द्राक्षाचं बी घ्या. एका बाजूला मधोमध उठावदार गोल किंवा लांबट ठसा असतो आणि दुसऱ्या बाजूला दोन खळगे, शेजारी शेजारी. हे दोन्ही एकाच बीवर म्हणजे द्राक्षकूळ, दुसरं कुठलं नाही. दगड झालं तरी ते दोन खळगे तसेच राहतात. त्यामुळे द्राक्ष रसरशीत होतं की आंबट ते कळत नाही पण बी बघून कुळापर्यंत छातीठोक जाता येतं. आज घरी गेलात की बी बघा.

पिंपळगावची_बाग

सर बी आणायचं कुठून? आमच्याकडे थॉमसन आणि सोनाका, सगळा सीडलेस माल. १२ एकरात एक बी सापडायचं नाही.

गोदाकाठ_८८

द्राक्षाच्या राजधानीत द्राक्षाचं बी मिळेना 😂😂

पिंपळगावची_बाग

हसा हसा. वाईनच्या द्राक्षात बी असतं, शिराझ, कॅबरने, आमच्या मेव्हण्याची बाग आहे तिकडे, कराराची. फेब्रुवारीत तोडणी व्हायच्या आत एक घड आणून देतो मास्तरांना. थॉमसनमध्ये पण बी धरायला सुरुवात होते म्हणे, मग मध्येच राहून जातं, मणी चिरला की मऊ ठिपका दिसतो तो तेच.

निवृत्त_बॉटनीवाला

बरोबर, तेच ते. अर्धवट राहिलेलं बी. जीवाश्म व्हायला काहीच उरत नाही त्यात.

चर्टवाली

मी पुराजीवशास्त्रात पीएचडी करतेय, सध्या घरी नाशिकरोडला आलेय. सरांनी सगळं छान सांगितलंय, एक दोन गोष्टी राहिल्यात आणि एक गोष्ट धोक्याची आहे म्हणून लॉगिन केलं.

नाव देताना एक नमुना ठरवावा लागतो, होलोटाइप म्हणतात. नाव त्या एका नमुन्याला बांधलेलं असतं, उद्या वाद झाला की लोक त्याच्याकडे परत जातात. जीवाश्म वनस्पतीत तो प्रत्यक्ष नमुनाच लागतो, चित्रावर भागत नाही. आणि तो कुठल्या संग्रहात ठेवलाय, नंबर काय, हे छापावं लागतं. म्हणजे "माझ्या कपाटात आहे" चालत नाही. पोरांना हे सांगाच कारण लोकांना सगळ्यात जड हेच जातं. दगड सापडला की सोडवत नाही. मला पण नाही सोडवत, माझ्या पहिल्या बऱ्या नमुन्याला म्युझियमचा नंबर पडला तेव्हा मी बाहेर येऊन चहा पीत रडले होते, आणि ती नवीन जात पण नव्हती.

दुसरं, वर्णन आणि डायग्नोसिस ह्यात फरक आहे. वर्णन म्हणजे जे दिसतं ते सगळं, लांबी, रुंदी, कप्पे किती, बी कुठून लटकलंय, सालीत पेशींचे थर किती. डायग्नोसिस म्हणजे फक्त तेवढंच ज्याने ही जात बाकीच्यांपासून वेगळी पडते. पहिलं लिहायला चिकाटी लागते, दुसऱ्यासाठी बाकीच्या सगळ्या जाती माहिती असाव्या लागतात, आजच्या जिवंत झाडांच्या पण. माझे सहा महिने फक्त आजची फळं चिरण्यात गेलेत, बाजारात भाजीवाल्या मावशी मला वेडी समजतात, एकेका जातीची दोनच फळं घेते म्हणून. आणि एकच मोडका नमुना असेल तर शहाणा माणूस नवीन नाव देत नाही, वंशाचं नाव लिहून पुढे जात सोडून देतो. नावांचा कचरा आधीच खूप आहे, एकाच फळाला वेगवेगळ्या कोनातून कापलं म्हणून दोन नावं पडलेली उदाहरणं आम्हाला निस्तरावी लागतात. सर रागावू नका पण तुमच्या पिढीने हे जरा जास्तच केलंय.

आता धोका. चर्टचे छेद घ्यायची जुनी पद्धत म्हणजे दगड कापायचा, पृष्ठभाग हायड्रोफ्लोरिक ॲसिडने थोडा खायला लावायचा म्हणजे पेशींच्या भिंती उभ्या राहतात, मग त्यावर ॲसिटेटची फिल्म चिकटवून सोलायची. इंटरनेटवर हे सगळं लिहिलेलं आहे. मास्तर, कृपा करून शाळेत किंवा घरी कुणी हे ॲसिड आणू नका. काच खातं ते, आणि कातडीतून आत जाऊन हाडापर्यंत पोचतं, कधी कधी सुरुवातीला दुखत पण नाही. हल्ली सीटी स्कॅन करूनही आतलं बघता येतं, माणसाचं करतात तसंच पण बारीक, नमुना फुटत नाही. सगळ्या चर्टमध्ये नीट दिसतंच असं नाही, दगड पण सिलिका आणि आतलं फळ पण सिलिका, फरक पडला तर दिसतं.

निवृत्त_बॉटनीवाला

रागावलो नाही गं. खरंच आहे ते. आमच्या वेळी नवीन नाव निघालं की सत्कार व्हायचा, जुनं नाव रद्द केलं की कुणी चहा पण पाजत नसे. आणि ते ॲसिड आम्ही खिडकी उघडून वापरायचो, बस, एवढीच काळजी. देवाने वाचवलं.

काळा_पाषाण

मास्तर, तो गोटा फोडलात तर फोटो टाका. आपल्या पांडवलेणीच्या बाजूच्या खाणीतली हिरवी अपोफिलाइट नावाची स्फटिकं जगभर संग्राहकांकडे आहेत, तुमच्यात पण काहीतरी देखणं निघू शकतं. पोरांना एकदा सिन्नरला गारगोटी म्युझियममध्ये घेऊन जा, असल्याच पोकळ्यांतला माल आहे सगळा, पोकळीच्या पोटातून काय काय निघतं ते दिसेल.

दिंडोरीचा_मास्तर

मंडळी, अपडेट देतो, उशीर झाला, मध्ये परीक्षा होत्या.

फरशीवाल्याकडे नेऊन कटरवर कापून घेतला, पोराच्या संमतीने. आत कडेला निळसर पांढरे पट्टे आणि मध्ये बारीक बारीक स्फटिक, टोकं मध्याकडे. काळा पाषाण साहेब तुम्ही जिंकलात. पोरगं दोन मिनिटं गप्प बसलं, मग म्हणालं आतून जास्त छान आहे सर. एक अर्धा त्याच्या घरी, एक शाळेत, कागदावर ठिकाण, खोली, तारीख आणि नंबर १ लिहून. होलोटाइप नाही म्हटलं तरी ऐकत नाहीत.

ताईंनी वर्णन आणि डायग्नोसिसचं लिहिलं होतं त्यावरून एक तास घेतला. बोराची आठळी, चिंचोका, सीताफळाची बी, खजुराची बी आणि जांभळाची, प्रत्येक गटाला एक दिली आणि नाव न घेता लिहा म्हटलं, दुसऱ्या गटाने वाचून ढिगातून तीच उचलायची. पहिल्या फेरीत सगळ्यांनी लिहिलं "कडक, तपकिरी, गुळगुळीत". कुणालाच काही उचलता येईना, भांडणं झाली. दुसऱ्या फेरीला एका मुलीने लिहिलं की एका बाजूला सबंध लांबीभर चीर आहे आणि पाठीवर एक बारीक टिंब. खजूर. लगेच उचललं. तेव्हापासून वर्गात कुणी गुळगुळीत लिहिलं की बाकीचे ओरडतात. फळ्यावरचं एन्सिस अजून आहे, फक्त त्याच्यापुढे त्यांनीच प्रश्नचिन्ह काढलंय.

आता त्यांचा नवा प्रश्न, तुमच्यासाठी. पिंपळगावच्या भाऊंची बाग आज लाव्ह्याखाली गेली आणि ६ कोटी वर्षांनी कुणी खणली तर त्याला काय सापडेल, बी तर नाही.

चर्टवाली

लाव्ह्याच्या खाली गेली तर कोळसा. शेततळ्यात पडून वर गाळ बसला तर पानं आणि परागकण नक्की, लाकूड पण. द्राक्षकूळ आहे एवढं पानावरून आणि परागावरून सांगता येईल. फळाला नाव मिळणार नाही.

पिंपळगावची_बाग

लाकूड पण दोन प्रकारचं निघेल. खाली खुंट डॉगरिजचा, वर कलम थॉमसनचं.

निवृत्त_बॉटनीवाला

अरे हो की! डॉगरिज म्हणजे अमेरिकेतली वेगळीच जात. खालच्या लाकडाला एक नाव, वरच्याला दुसरं, पानाला तिसरं. आणि मग एक दिवस कुणालातरी जोड मिळेल, कलमाची गाठ, एकाच खोडात दोन्ही. त्या बिचाऱ्याचा पेपर परत परत नाकारणार बघा.

गोदाकाठ_८८

आणि शेजारी ठिबकच्या नळ्या. त्याला कुळ कुठलं देणार?